पुडीच्या कागदावरचे उतारे

दाजी, प्रश्न चुकीचा नव्हता.

एवढं एकदा तुम्हाला समोर बसवून पटवायचं होतं, ते राहून गेलं. दिवाळीला मी मानवतला आले तेव्हा तुम्ही खाटेवर उशीला टेकून बसला होतात. दोन शब्द बोललात की धाप लागत होती. मी पाया पडायला वाकले तर आशीर्वाद द्यायचा सोडून तुम्ही म्हणालात, "त्या बाईचा प्रश्नच गलत होता, गोदू." मी म्हटलं, आधी बरे व्हा, मग भांडू. तुम्ही बरे झाला नाहीत. भांडण तसंच अर्धवट पडलंय आणि आता दोन्ही बाजूंनी मला एकटीलाच भांडावं लागतंय. तुमची बाजू मांडताना मी तुमच्यासारखीच मान तिरकी करते, असं अक्का म्हणते.

तेराव्याला घर भरून गेलं होतं. कापसाच्या जिनिंगमधले तुमचे जुने सोबती काठी टेकत आले. सगळ्यांनी तुमचं चांगलंच सांगितलं. सरळ माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात, फार मितभाषी. मितभाषी म्हटल्यावर मला पदर तोंडाला लावावा लागला. लोकांना वाटलं मला हुंदका आला. माझ्याशी तुम्ही जन्मभर एकाच उताऱ्यावरून वाद घातलात, लग्नाकार्यात घातलात, दवाखान्यात घातलात, माझ्या नातवाच्या बारशाला पाळण्याची दोरी हातात धरून घातलात. ते त्यांना काय माहीत?

मला या लोकांसारखं तुमच्याबद्दल बोलता येत नाही. तुमच्याशीच बोलता येतं. म्हणून तुम्हाला माहीत असलेलं सगळं तुम्हालाच पुन्हा सांगते. तुम्हाला आवडायचं ते. कुठे चुकले तर मध्येच अडवायचात.

झरीतलं आमचं घर मेंढरांचं. थोडी कोरडवाहू जमीन, बाकी सगळा जीव शेळ्यामेंढ्यांवर. तसल्या घरातली पोरगी शाळेत जाण्याचं काही कारण नव्हतं. पण निजामाचं राज्य गेलं, गावातली मराठी शाळा जरा धड चालायला लागली आणि नेमका त्याच सुमाराला आमच्या आळीत श्रावणात पोथी वाचणारा मुलगा परभणीला निघून गेला. आबांपुढे मोठाच प्रश्न पडला. आमच्या आबांना अक्षर येत नव्हतं, पण पोथीचा अर्थ सांगावा तर त्यांनीच. वाचणारा एक, अर्थ सांगणारा दुसरा, ही आपल्याकडची पद्धतच. वाचणारा गेला तर अर्थ सांगणारा काय करणार? म्हणून त्यांनी मला शाळेत घातलं. मास्तरांना जाऊन सांगितलं, हिला हिशेब नाही आला तरी चालेल, वाचता आलं पाहिजे.

आणि मला आलं. माझा गळा बरा होता. आठ वर्षांची मी पाटावर बसून कंदिलाच्या उजेडात ओवी म्हणायचे, थांबायचे, मग आबा घसा साफ करून तिचा अर्थ सांगायचे, बाया हुंकार द्यायच्या, आणि मी पुढची ओवी उचलायचे. ओवीत काय आहे हे मला ठाऊक नसायचं. ते माझं कामच नव्हतं. सगळं गाव म्हणायचं, पोरगी काय वाचती! मलाही तसंच वाटायचं.

तुमच्या घरी मी आले ती अक्काला सोबत म्हणून. अक्काचं लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती, कूस उजवत नव्हती. कुठे नवस, कुठे अंगारा, कुठे कुणाचं औषध, सगळं करून झालं होतं. तुमच्या आई, ज्यांना मी मावशी म्हणायचे, तोंडाच्या फटकळ, पण मनात काही न ठेवणाऱ्या. त्यांनी ओसरीत ज्वारी निवडता निवडता आबांना माझ्यादेखत सांगून टाकलं. गोदूला आता इथंच राहू द्या. दोन-तीन वर्षांत मोठी होईल. दोघी बहिणी एका घरात नांदतील, परकी सवत आणून हिला जाच कशाला करायचा? आबा हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. हातातला निवडलेला खडा बघत बसले. आमच्या भावकीत अशा दोन बहिणी एका घरात होत्याच. एक बायको असताना दुसरी करायची नाही असा कायदा झालाय, असं तुम्ही म्हणत होतात, पण कायदा दिल्लीत झाला होता आणि मावशी मानवतला होत्या.

तेव्हा मला अकरावं लागलं होतं. मला सगळं कळलं होतं आणि काहीच कळलं नव्हतं. तुम्ही मला आवडायचात. थट्टा करायचात, माझ्या वेणीला 'मेंढीचं शेपूट' म्हणायचात, मी तुमच्या टोपीत कापसाचं बोंड लपवून ठेवायचे. मेहुणीनं दाजीची खोडी काढायची आणि दाजीनं मेहुणीची, एवढंच नातं मला माहीत होतं. ते बदललं की मी अक्काला काय म्हणून हाक मारायची, याची मला भीती वाटायची. रात्री अक्काच्या कुशीत झोपायचे आणि हे तिला विचारू की नको, असं करता करता झोप लागायची.

त्याच आठवड्यात तुम्ही जिनिंगमधून आलात, हातपाय धुतले आणि माझ्यापुढे एक कागद टाकलात. शेंगदाण्याच्या पुडीचा होता. म्हणालात, वाच. मला काय, गळा आयताच तयार होता. मी मांडी घातली आणि तो कागद पोथीच्या चालीवर म्हणून दाखवला. कुठल्या तरी गावातल्या पुलाची बातमी होती. मावशींनी सुपातला हात थांबवला, शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली. मी शेवटच्या शब्दावर आवाज लांबवून थांबले आणि तुमच्याकडे बघितलं.

"मतलब?" तुम्ही विचारलंत.

"मतलब आबा सांगतेत," मी म्हणाले.

तुम्ही इतके हसलात की डोळ्यांत पाणी आलं. मग डोळे पुसलेत. कागद माझ्या हातातून घेतलात, नीट घडी केलीत, आणि अक्काकडे बघितलंत. ते बघणं माझ्या लक्षात राहिलं आहे. मग तुम्ही सांगितलंत की परभणीला मुलींची सरकारी शाळा आहे, तिथं खेड्यातल्या मुलींसाठी वसतिगृह आहे, जागा थोड्या आहेत आणि आत जायला इम्तिहान द्यावा लागतो. हिशेब सोपे असतात. खरी मेख आहे ती उताऱ्यात. कधी न वाचलेला उतारा देतात, तो मनात वाचायचा आणि खालच्या प्रश्नांची उत्तरं लिहायची. ती जमली की पोरगी शाळेत राहायची, शिकायची, चांगली मॅट्रिक होईपर्यंत. न जमली तर? ते तुम्ही बोलला नाहीत. मावशी बोलल्या. न जमली तर आपलं घर आहेच की, म्हणाल्या.

मनात वाचायचं म्हणजे काय, तेच मला कळेना. वाचणं म्हणजे तोंडानं करायची गोष्ट. मनात वाचलं तर ते ऐकणार कोण? तुम्ही खूप समजावलंत. मी ओठ मिटले की माझे डोळेही अक्षरांवरून घसरायचे. ओठ हलवू दिले की लगेच चाल लागायची, आणि चाल लागली की मतलब आबांकडे निघून जायचा.

मग तुम्ही ती पाण्याची युक्ती काढलीत. तोंडात पाण्याचा घोट धरायचा आणि वाचायचं. गिळायचं नाही, सांडायचं नाही. उतारा संपला की मोरीत जाऊन चूळ टाकायची आणि मतलब सांगायचा. अंगणातल्या कडुनिंबाखाली मी गाल फुगवून बसायचे आणि तुम्ही समोर उकिडवे बसून माझ्या गालांकडे डोळे लावायचात. अक्का म्हणायची, पोरगी आजारी पडेल. पाणी लांबून आणावं लागतं, तुमच्या इम्तिहानापायी सगळं मोरीत चाललंय, असंही म्हणायची. मावशी जाता येता विचारायच्या, "पोरीला मुकी करायलास का रे?" तुम्ही हसून मान डोलवायचात. मला चिडून उत्तर द्यायचं असायचं, पण तोंडात पाणी!

पुस्तकं कुठली? घरात एक पंचांग होतं. तुम्ही आडतीवरून, किराण्याच्या दुकानातून, भजीवाल्याकडून पुड्यांचे कागद गोळा करून आणायला लागलात. तेलाचे डाग पडलेले, कडा फाटलेले. कुणाला तोंड नाही, कुणाला शेवट नाही. त्यावर तुम्ही स्वतःच प्रश्न काढायचात. एकदा केसांच्या तेलाची जाहिरात आली तर त्यावरही काढलेत. हे तेल कुणी वापरावे? बाटली कोठे मिळते? तेल लावल्याने कोणते तीन फायदे होतात? मी मोठ्या तोऱ्यात सगळी उत्तरं लिहिली आणि खाली लिहिलं की दाजींनी हे तेल वापरावे, कारण त्यांना टक्कल पडत आहे. तुम्ही त्यावर काट मारलीत. कारण विचारलं तर म्हणालात, तुझ्या दाजींचं नाव या जाहिरातीत कुठाय?

आपला वाद तिथूनच सुरू झाला. मला फाटलेल्या कडेच्या पलीकडचं सुचायचं. बैल हरवलेला माणूस जत्रेत शिरला आणि कागद फाटला, तर बैल त्याला सापडला की नाही ते मी लिहून मोकळी व्हायचे. तुम्ही काट मारायचात. फाटल्याच्या पलीकडचं कुणी विचारणार नाही, म्हणायचात. कागदावर आहे तेवढंच लिहायचं. मी म्हणायचे, पण बैल सापडला असेलच ना? तुम्ही म्हणायचात, सापडू दे, त्याचं काय वाईट आहे, पण लिहायचं नाही.

एकदा मी फारच हट्टाला पेटले तेव्हा तुम्ही मला खरं कारण सांगितलंत. तुम्ही मिडलपर्यंत शिकलात ते उर्दूत. जिनिंगमध्ये कापसाची आवक लिहायचात तीही उर्दूत, आणि राज्य बदलल्यावर एका उन्हाळ्यात सगळं मराठीत लिहा असं वरून आलं. मोठ्या माणसानं पोरांसारखं अक्षर गिरवायचं, लाज वाटायची तुम्हाला. "पण गोदू, उर्दूत निम्मं लिवलेलंच नसतंय," तुम्ही म्हणालात. "शब्द आधीच माहीत पायजे, मग वाचता येतंय. समदा अंदाज. मराठीत तसं न्हाई. काना हाय, मात्रा हाय, समदं कागदावर हाय. अंदाजाचं कामच न्हाई." हे सांगताना तुमचा चेहरा असा झाला होता की जणू कुणी तुम्हाला पक्का रस्ता बांधून दिला होता. उर्दूवर तुमचं प्रेम होतं, ते कधी गेलं नाही. पण ज्याला सुरुवातीला मराठीही उर्दूसारखी अंदाजानं वाचताना चारचौघांत चुकावं लागलं होतं, तो माणूस कागदाला किती घट्ट धरून बसणार, हे मला तेव्हा कळलं नाही. मी आपली बैल सापडला म्हणून भांडत होते.

आणि मग तो दिवस आला. मी आणि तुम्ही सोडून त्याला कुणी दिवस म्हणणार नाही. पुडी मुरमुऱ्यांची होती. त्यात कुणा गृहस्थाची हकिकत होती. पाहुण्याच्या घरी जेवायला बसतो, वाढणारी थांबायचं नाव घेत नाही, आणि पुरे कसं म्हणावं ते याला कळत नाही. शेवटी तो ताटावर आडवा होतो. मी गाल फुगवून वाचत होते. वाचता वाचता मला तो माणूस ताटावर आडवा झालेला दिसला आणि मी खदकन हसले. तोंडातलं सगळं पाणी कागदावर आणि तुमच्या सदऱ्यावर. मला वाटलं आता बोलणी बसणार. तुम्ही भिजलेला सदरा अंगाला चिकटलेला तसाच घेऊन उठलात, स्वयंपाकघराच्या दारात गेलात आणि अक्काला म्हणालात, "वाचायली बघ. गोदू वाचायली." अक्का म्हणाली, ती तर केव्हाची वाचायली.  त्या दिवशी तुम्ही मला मतलब विचारला नाहीत.

चाल गेली, आवाज गेला, अर्थ सांगणारे आबा मागे राहिले, आणि त्या गप्प कागदातून एक माणूस येऊन मला हसवून गेला. दाजी, त्यानंतर मी किती पुस्तकं वाचली. तसं पुन्हा झालं नाही. पहिल्या वेळेचं सुख पहिल्याच वेळेला असतं.

आपण मुंबई राज्यात गेलो त्याच्या पुढच्या वर्षी इम्तिहान झाला. मानवत रोड स्टेशनापर्यंत टांग्यानं, तिथून गाडीनं परभणी. तुम्ही नवी टोपी घातली होती. वाटेत मला काही विचारू नका, माझ्या डोक्यातलं सांडेल, असं मी सांगितलं होतं, म्हणून तुम्ही खरोखर एक शब्द बोलला नाहीत. वर्गात पाणी न्यायची परवानगी नव्हती. मी रिकामेच गाल फुगवून बसले. शेजारची मुलगी हसायला लागली.

उतारा मला अजून पाठ आहे. उन्हाचा एक वाटसरू चालत येतो. झाडाखाली येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी कुणीतरी पाण्याचा रांजण ठेवलेला असतो. तो पोटभर पाणी पितो. शेजारी एक रोपटं सुकून चाललेलं असतं. त्याला दया येते आणि उरलेलं सगळं पाणी तो रोपट्याला घालतो. थोड्या वेळानं दुसरा वाटसरू येतो, रांजण रिकामा असतो. खाली प्रश्न होते. रांजण कोठे होता, रोपट्याची अवस्था कशी होती, असे सगळे कागदावरचे. मी भराभर लिहिले. शेवटचा प्रश्न होता, पहिल्या वाटसरूने केले ते योग्य होते का? तुम्हाला काय वाटते?

मी उतारा पुन्हा वाचला. पुन्हा वाचला. योग्य होतं की नव्हतं, ते त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. मला काय वाटतं ते तर मुळीच नव्हतं. कडुनिंबाखाली तुम्ही काट मारलेली सगळी उत्तरं आठवली. मी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'हे उताऱ्यात दिलेले नाही.'

बाहेर आले तेव्हा तुम्ही फाटकापाशी उभे होतात. मी सगळं सांगितलं, तर तुम्ही माझ्या पाठीवर अशी थाप मारलीत की मी पुढे गेले. बिलकुल सही, म्हणालात. फसवायचा प्रश्न घातला होता त्यांनी, तू फसली नाहीस. आपण दोघं नळावर पाणी प्यायलो, गूळशेंगदाणे खाल्ले. इतके खूश होतो आपण!

दुपारी एकेका मुलीला आत बोलवायला लागले. पुण्याकडच्या एक मोठ्या बाई होत्या, नऊवारी पातळ, डोळ्यांवर चष्मा. तुम्हाला दारापर्यंत येऊ दिलं. त्यांच्या हातात माझा कागद होता. बाकी सगळं बरोबर आहे, पण हे काय लिहिलंस, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, ते खरंच उताऱ्यात नाही. बाईंच्या ओठांच्या कडा हलल्या. म्हणाल्या, नाहीच आहे, मी तुला विचारतेय. नुसता उतारा पाठ म्हणणाऱ्या मुली मला नको आहेत. सांग, तुला काय वाटतं?

मी मागे वळून दाराकडे बघितलं. श्रावणात आबांकडे बघायचे, अगदी तसं. आता अर्थ तुम्ही सांगाल म्हणून. आणि दाजी, तुम्ही तोंड फिरवलंत. बाहेरच्या अंगणाकडे बघत उभे राहिलात. तुमचा एक हात चौकटीवर होता, आणि ती बोटं मला दिसत होती, चौकट घट्ट धरलेली.

मग मी बोलले. कसं बोलले ते माहीत नाही, आवाज माझाच होता. "त्याचं चुकलं. प्यायला तेवढं पाणी त्याचं. उरलेलं येणाऱ्याचं होतं. झाडाची दया आली तर आपल्या घोटातलं घालायचं, दुसऱ्याचं कामून घालायचं?"

बाईंनी चष्मा काढला. कुणी शिकवलं हे, म्हणाल्या. कुणीच नाही, मी म्हणाले, आणि ते खरं होतं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

शाळेच्या यादीत माझं नाव लागलं. तेव्हापासून आपलं हे भांडण. तुमचं म्हणणं, उत्तर बरोबरच होतं, उताऱ्याखाली उताऱ्याबाहेरचं विचारायचा त्या बाईला हक्कच काय? माझं म्हणणं, बाईंनी विचारलं नसतं तर मी परत आले असते. तुम्ही म्हणणार, आली न्हाईस ना? मी शिक्षिका झाले, मुलींच्या चाचणीत दर वेळी शेवटचा प्रश्न घालायचे, तुम्हाला काय वाटते? ते प्रश्न मी मुद्दाम तुम्हाला आणून दाखवायचे. तुम्ही चष्मा लावून वाचायचात आणि कागद माझ्याकडे सरकवून म्हणायचात, बिघडव पोरींना.

पण त्या दिवशी दारात तुम्ही तोंड का फिरवलंत, ते मी कधी विचारलं नाही. तुम्ही हळूच मान हलवली असती तरी मी काहीतरी बोलले असते. ते तुमचं झालं असतं. हे आपल्या वादात मी कधी काढलं नाही, कारण ते काढलं असतं तर तुम्ही हरला असतात, आणि तुम्ही हरलेलं मला चाललं नसतं.

वसतिगृहात पोचवायला सगळेच आले. आबा झरीहून बैलगाडीनं आले, खांद्यावर घोंगडी. मावशी हट्टानं निघाल्या. पोरीला कुठं ठेवायलेत ते डोळ्यांनी बघू द्या, म्हणाल्या. त्यांचं म्हणणं अजून मोडलेलं नव्हतं. एखादं वर्ष शिकू दे, मग बघू, असं त्या वाटेत अक्काला ऐकू जाईल असं बोलत होत्या. अक्का माझी पेटी मांडीवर धरून बसली होती. वसतिगृहाच्या बाईंनी दारात विचारलं, मुलीची जबाबदारी कोण घेणार, आणि तुम्ही हिचे कोण? रिवाजाप्रमाणे आबांनी बोलायचं. आबा बोलायला गेले, आणि शहरातल्या बाईपुढे त्यांना शब्दच सापडेना. ते घोंगडी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत राहिले.

तुम्ही पुढे झालात. बाईंकडे नाही, मावशींकडे बघत बोललात.

"लेक हाय माझी. जन्म ह्यांनी दिला, पर लेक माझी बी हाय. आजपासून समद्यांनी हिला माझी लेकच म्हणायची."

 वसतिगृहाच्या बाईंना यात काय विशेष ते कळलं नसणार, त्या मला आत ये म्हणाल्या. मावशींनी पदर डोक्यावर ओढून घेतला. एकदा चारचौघांत लेक म्हटलेल्या पोरीशी लग्न लावायचं नाव काढणं कुणाच्या बापाला जमणार नव्हतं. तुम्ही तो दरवाजा बंद केलात आणि कडीही घातलीत. मावशी पुढे कित्येक महिने तुमच्याशी बोलत नव्हत्या, असं ऐकलं. मी आत जाऊन गजांच्या खिडकीतून बघितलं, तर तुम्ही आबांना हाताला धरून रस्त्याकडे नेत होतात आणि अक्का पाठीमागून चालत होती. तिनं डोळ्यांना पदर लावला होता. मला वाटलं, मला सोडून जाताना तिला वाईट वाटतंय.

तुम्ही दुसरं लग्न केलं नाहीत. तुम्हाला मूल झालं नाही. माझ्या लग्नात आबांच्या शेजारी तुम्ही उभे होतात आणि रडायला लागल्यावर म्हणालात, टोपीत कुणीतरी बोंड घातलंय. आपण दोघांनी आयुष्यभर सगळं थट्टेत नेलं. मी तुमचे आभार मानले नाहीत. मेहुणी-दाजीत ते शोभलं नसतं आणि लेक-बापात ते लागतं कुठे? पण मनात मी रोज एक गोष्ट सांगत आले, की माझ्या दाजींनी मला वाचवलं. माझ्यासाठी पुड्या गोळा केल्या, माझ्यासाठी आईचा अबोला सोसला. परवा तेराव्यानंतर सगळे पांगले तेव्हा मी तुमच्या पुतण्याच्या मुलांना हीच गोष्ट सांगत होते.

अक्का भिंतीला पाठ लावून, पाय लांब करून बसली होती. मला वाटलं तिचा डोळा लागलाय. पोरं उठून गेली तसं ती म्हणाली, समदं खरं हाय, पर तू समजतीस तसं न्हाई.

मग तिनं सांगितलं. ओसरीत ज्वारी निवडता निवडता मावशी आबांशी बोलल्या, ते तिनं आतून ऐकलं होतं. तुम्ही जिनिंगमधून येईपर्यंत ती गोठ्यात जाऊन बसली. तुम्ही गोठ्यात आलात, तशी तुमच्यापुढे उभी राहिली. लग्न झाल्यापासून तुमच्यापुढे तिनं मान वर केली नव्हती, ती केली. म्हणाली, "गोदू सवत म्हणून आली तर मी तिचं तोंड बघणार न्हाई. आन तिचं तोंड बघितल्याबिगर मला करमत न्हाई. काय करायचं ते तुमी बघा."

तुम्ही म्हणे खाली बसलात. गाईच्या दाव्याची गाठ सोडलीत, पुन्हा बांधलीत. अक्काला वाटलं, आता हे आईचंच ऐकणार. मग तुम्ही वर बघितलंत आणि तिला एवढंच विचारलंत, "गोदू वाचती कशी?"

अक्काला एक अक्षर येत नाही, दाजी. तिनं मला फक्त पोथी म्हणताना ऐकलं होतं.

"मी म्हणलं," अक्का म्हणाली, "लय चांगलं वाचती."